टाकीचं झाकण नीट बसवा : मुंबई-ठाण्यातल्या सोसायटी कमिट्यांना आणि बिल्डरांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या हाऊसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, कमिटी मेंबर आणि ज्यांच्या बिल्डिंग अजून बांधून व्हायच्यात ते बिल्डर, साईट सुपरवायझर, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी प्लंबरसोबत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले होते, पाणी कमी दाबाने येतंय म्हणून. तीन टाक्या आहेत. एकीचं लोखंडी झाकण गंजून अर्धं गळून पडलंय, त्यावर कोणीतरी प्लायवूड टाकून वर वीट ठेवलीय. दुसरीची बिजागरी तुटलीय त्यामुळे झाकण तिरकं बसतं, बोटभर फट राहते. तिसरी जुनी आहे, वापरात नाहीये म्हणून कोणी बघतच नाही, पण पावसाचं पाणी आत साठलंय. प्लंबर म्हणाला मॅडम इथून प्रेशरचा काही संबंध नाही, तो व्हॉल्व्ह बघायला गेला आणि मी टॉर्च मारून आत बघत बसले. पाण्यावर बारीक काड्या आडव्या पडल्यासारख्या दिसत होत्या. बोटाची सावली पडली की झटकन मागे सरकायच्या.

नाल्यात, गटारात दिसणाऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली आणि शेपटी वर करून लटकतात, कारण त्यांना शेपटीला श्वासाची नळी असते. मलेरियाच्या डासाच्या अळीला तशी नळी नसते, म्हणून ती पाण्याच्या वरच्या थराला समांतर, सपाट पडून राहते. एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. आणि मला तर विसरायची सोयच नाही, कारण गेली पंधरा वर्षं मी लॅबमध्ये हेच डास पाळते. अळ्यांना माशांचं खाणं कुटून घालायचं, कोष ड्रॉपरने उचलून वाटीत टाकायचे, पिंजऱ्यात साखरपाण्याचा कापूस ठेवायचा, सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री तापमान आणि भरपूर दमटपणा राखायचा, हे माझं रोजचं काम. थोडक्यात मुंबईचा जून ते ऑक्टोबर आम्ही बंद खोलीत बारा महिने चालवतो. तुमच्या गच्चीवर ते आपोआप चालतं.

म्हणून हे पत्र. आमच्या सोसायटीच्या मागच्या एजीएममध्ये झाकणांचा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, अहो आता शास्त्रज्ञ डासांची जीन्सच बदलतायत, व्हॅक्सिन पण आलंय, दोन-चार वर्षांत मलेरिया संपेल, झाकणावर कशाला खर्च करायचा. दुसरे म्हणाले फॉगिंग करून घेऊ. विषय तिथेच संपला आणि पुढे पार्किंगवर पाऊण तास चर्चा झाली. मला त्या दिवशी बोलताच आलं नाही नीट, तीन मिनिटांत काय सांगणार. आता सांगते.

आधी तुमच्या टाकीतल्या डासाचं नाव, अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी. डासांचे प्रकार शेकड्यांनी आहेत पण शहरातला मलेरिया आपल्याकडे मुख्यतः हाच पसरवतो. गडचिरोलीत वेगळे डास आहेत, तिथे ओढे, भातखाचरं, जंगल, तिथलं गणित वेगळं आणि कठीण. आपल्याला तिथलं काहीच अवघड नाहीये. स्टीफेन्सीला स्वच्छ, संथ, सावलीतलं पाणी लागतं, आणि ते आपण त्याला सिमेंटच्या चौकोनात भरून वर उंचावर ठेवून देतो. लोक मला नेहमी सांगतात की आमच्याकडे सगळं क्लीन आहे, बघा किती चकाचक. चकाचकच पाहिजे असतं त्याला.

या डासाची ओळख जगाला आपल्याच मातीतून झालीय हे फार लोकांना माहीत नसतं. लिस्टन नावाचा ब्रिटिश डॉक्टर वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आपल्या आताच्या अचलपूरला होता, त्याने वर्षभर तिथले डास बघितले आणि १९०१ मध्ये ही जात शास्त्राच्या पुस्तकात नोंदवली. हाच माणूस पुढे मुंबईत प्लेग आणि उंदरांवरच्या पिसवांवर काम करत होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९११ मध्ये, बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईतल्या मलेरियाचा रिपोर्ट दिला आणि बोट ठेवलं ते घराघरातल्या विहिरींवर. तेव्हा विहिरी बुजवण्यावरून शहरात मोठा वाद झाला, कारण कित्येक विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. म्हणजे बघा, एकशे दहा वर्षांपेक्षा जास्त काळ या शहराला माहितीय की मलेरियाचा डास आपल्या पिण्याच्या पाण्यात जन्माला येतो. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, डास तोच राहिला. मुंबई महापालिका कायद्यातलं कलम ३८१ याच कामासाठी आहे, डासांची पैदास होईल असं पाणी ठेवलं तर नोटीस येते. पण नोटीस आली की झाकण लावायचं आणि पुढच्या वेळी टाकी धुवायला उघडलं की तसंच ठेवायचं, असं चालत आलंय.

आता या डासाचा संसार कसा चालतो ते सांगते, कारण यातच सगळी मेख आहे.

कोषातून नर आधी बाहेर येतात, माद्या थोड्या मागून. नराला रक्त लागत नाही, तो आयुष्यभर गोड रसावर जगतो आणि आठवडाभरात मरतो. संध्याकाळी अंधार पडायला लागला की नर थवा करून एका जागी वरखाली नाचतात, मादी त्यात शिरते, तिच्या पंखांचा आवाज नराच्या झुपकेदार मिशा पकडतात, आणि मिलन होतं. मादी सहसा आयुष्यात एकदाच. तेवढ्या एका वेळचं वीर्य ती पोटातल्या एका बारीक पिशवीत जपून ठेवते आणि मरेपर्यंत प्रत्येक वेळी अंडी घालताना त्यातूनच वापरते. आफ्रिकेतल्या गॅम्बिए नावाच्या डासात तर नर वीर्यासोबत एक हार्मोनही देतो, त्याने मादीची अंडी जास्त वाढतात आणि ती पुन्हा दुसऱ्या नराकडे जात नाही. हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले होते, इतक्या चिमुकल्या जिवात इतकी व्यवस्था.

मग तिला रक्त लागतं, पोट भरायला नव्हे, अंड्यांसाठी. रक्त पिऊन ती भिंतीवर बसते, दोन-तीन दिवसांत अंडी तयार होतात, शंभराच्या आसपास, आणि ती पाण्यावर एकेक करून सोडते. प्रत्येक अंड्याला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, होडीसारखं तरंगतं ते. तुमच्या टाकीच्या फटीतून आत शिरायला तिला बोटभर जागा पुष्कळ झाली. एक-दोन दिवसांत अळी, चार वेळा कात टाकते, मग कोष, मग डास. आपल्या हवेत हे सगळं आठ-दहा दिवसांत होतं, कधी त्याहीपेक्षा लवकर. आठवड्यातून एकदा पाणी साठलेलं सगळं रिकामं करून कोरडं ठेवा असं पालिकेवाले सांगतात ना, त्याचं कारण हे आहे. एक आठवडा चुकला तर चालतं असं वाटतं, पण तोच आठवडा नेमका लागतो त्याला.

आणि मादी अंडी घालून मरत नाही. परत रक्त, परत अंडी. पहिल्या माणसाकडून घेतलेलं दुसऱ्याला द्यायची संधी तिला या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळते. पहिलं रक्त पिणारी कोरी मादी कोणालाही मलेरिया देऊ शकत नाही, कारण तिच्याकडे द्यायला काही नसतं. मलेरिया पसरतो तो तिच्या बाळंतपणांमुळे, हे वाक्य मी कॉलेजच्या मुलांना सांगते तेव्हा ती हसतात, पण ते अक्षरशः खरं आहे.

आता डासाच्या पोटात काय होतं. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटाच्या भिंतीवर मलेरियाच्या गाठी पहिल्यांदा बघितल्या, २० ऑगस्टला, म्हणून तो जागतिक डास दिन. त्यानंतर सव्वाशे वर्षं लोक त्या पोटातच डोकं घालून बसलेत आणि मीही त्यातलीच एक. तापाच्या पेशंटच्या रक्तात मलेरियाच्या जंतूचे, म्हणजे परजीवीचे, नर-मादी प्रकार असतात, मादी डास रक्तासोबत ते गिळते. माणसाच्या अंगात ते शांत असतात. डासाच्या पोटात गेले की त्यांना थंडावा जाणवतो, दहा-पंधरा मिनिटांत नर प्रकार फुटून शेपटीसारखे धागे बाहेर टाकतो, फलन होतं, आणि साधारण एका दिवसात एक सरपटणारं रूप तयार होतं जे पोटाची भिंत भेदून पलीकडे जातं.

इथे डास त्याला मारतो. हो, डासालाही प्रतिकारशक्ती असते. डासाच्या रक्तात टेप-वन नावाचं एक प्रोटीन फिरत असतं, आपल्या शरीरातल्या एका संरक्षक प्रोटीनचं ते लांबचं नातेवाईक म्हणा, ते भिंत भेदून आलेल्या परजीवीला जाऊन चिकटतं आणि त्याचा निकाल लावतं. काही डासांत तर परजीवीभोवती काळा थर चढतो आणि तो आतच गुदमरून मरतो, असे डास निवडून-निवडून वाढवायचा प्रयोग १९८६ मध्ये जाहीर झाला होता. जे वाचतात ते पोटाच्या भिंतीवर गाठ धरतात, हजारो गिळलेल्या परजीवींतून शेवटी अशा दोन-चार गाठीच उरतात. रानात पकडलेल्या डासात बहुतेक वेळा तेवढ्याच सापडतात. परजीवीच्या अख्ख्या आयुष्यात तो एवढा एकटा, एवढा कमजोर कधीच नसतो, माणसाच्या अंगात तो अब्जांनी असतो. पण त्या दोन-चार गाठी फुगल्या की प्रत्येकीतून हजारो बारीक सुयांसारखे परजीवी सुटतात आणि लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात, मग पुढच्या चाव्यात तुमच्या अंगात.

मग डासाची प्रतिकारशक्ती सगळेच का मारत नाही? एक कारण परजीवीच्या हुशारीचं. फाल्सिपॅरम जातीच्या परजीवीवर एक प्रोटीन असतं, ते डासाच्या पेशीवरच्या कुलपाला किल्लीसारखं बसतं आणि डासाचं शरीर त्याला परका समजतच नाही. दुसरं कारण मला जास्त भिडतं. रक्त प्यायल्यावर मादीचं शरीर अंड्यातला बलक बनवायला लागतं, आणि तेच बलकाचं प्रोटीन टेप-वनला परजीवीवर नीट चिकटू देत नाही, हे २०१० मध्ये दिसून आलंय. म्हणजे ज्या वेळी ती अंड्यांच्या मागे असते त्याच वेळी तिची राखण ढिली पडते आणि परजीवी नेमका त्याच वेळी आत येतो, कारण तो त्याच रक्तातून आलेला असतो. ज्या मादीला जास्त अंडी होतात तिच्यात गाठीही जास्त सापडल्यात. आणि मधे तिने आणखी एकदा रक्त प्यायलं तर परजीवी लवकर तयार होतो. मादी, अंडी, परजीवी, तिघांचं एकमेकांत इतकं गुंतलंय की एकाला बाजूला काढताच येत नाही.

या गुंत्यावर जगभर काम चालू आहे आणि मी ते मनापासून मानते, त्यामुळे एजीएममधल्या त्या गृहस्थांचं सगळंच चूक नव्हतं. गंमत अशी की त्यातलं बरंच काम आपल्याच या स्टीफेन्सीवर होतं, कारण तो पिंजऱ्यात सहज जमतो. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी स्टीफेन्सीत परजीवीविरुद्धची जीन्स अशी घातली की ती जवळजवळ सगळ्या पिल्लांत उतरली. २०२५ च्या जुलैमध्ये आणखी एक काम आलं, त्यात डासाच्या एका प्रोटीनमधला फक्त एक अमिनो आम्ल बदलला आणि परजीवीला पोट ओलांडणं जड झालं, डास मात्र ठणठणीत. स्पेनमधल्या एका लॅबमध्ये तर पाळलेल्या स्टीफेन्सींनी परजीवी घ्यायचंच सोडून दिलं होतं, सगळे चक्रावले, शेवटी कळलं की त्यांच्या पोटात एक जिवाणू वस्तीला आलाय, तो परजीवीला वाढू देत नाही, हे २०२३ मध्ये छापून आलं. मच्छरदाणीवर कीटकनाशकाऐवजी मलेरियाचंच औषध लावायचं, डास त्यावर सहा मिनिटं बसला तरी त्याच्या पोटातला परजीवी मरतो, असाही प्रयोग झालाय, २०१९ चा. आपल्या आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२५ मध्ये जी लस जाहीर केली ती माणसाला तर वाचवायला बघतेच, पण लस घेतलेल्याचं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटातही परजीवीचं फलन अडवायचा तिचा बेत आहे. ही कल्पना मला फार मोठ्या मनाची वाटते, तुम्ही लस घ्यायची आणि फायदा शेजाऱ्याला.

पण या सगळ्यातलं तुमच्या गच्चीवर आज काय येणार आहे? काही नाही. जीन्स बदललेले डास बाहेर सोडायला देशाची परवानगी लागते, लोकांची लागते. दिल्लीत १९७० च्या दशकात डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआरचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प होता, संशय वाढत गेला, संसदेपर्यंत विषय गेला आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. पुढच्या वेळी नीट सांगून-विचारून करावं लागेल आणि त्याला वेळ लागणार, लागायलाच पाहिजे. आयसीएमआरची लस फाल्सिपॅरमसाठी. पुण्याच्या सीरममध्ये बनणारी आर-ट्वेंटीवन लस, जिला डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये मान्यता दिली, तीही फाल्सिपॅरमवरच आणि आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी. तिचा मला अभिमान आहे. पण मुंबईत बहुतेक केसेस व्हायवॅक्सच्या, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या जातीच्या परजीवीच्या. व्हायवॅक्सवर आपल्या हातात लस नाही.

आफ्रिकेवरून आठवलं. आपला हा स्टीफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीला सापडला, त्याआधी आफ्रिकेच्या शहरांना तो माहीत नव्हता. त्या वर्षी त्या छोट्या देशात मलेरियाच्या केसेस होत्या २७. २०२० मध्ये त्र्याहत्तर हजारांच्या वर. मग इथिओपिया, सुदान, आणि तिथेही टाक्या, पिंप, बांधकामाचे हौद. जगातले तज्ज्ञ आता विचारतायत की शहरातला हा डास आवरायचा कसा, आणि ज्या देशाला तो सव्वाशे वर्षं माहीत आहे तिथल्या टाकीवर प्लायवूड आणि वीट. मला खरंच लाज वाटली त्या दिवशी गच्चीवर.

आता फॉगिंगबद्दल. लोकांना धूर दिसतो म्हणून समाधान वाटतं, पण तो उडणाऱ्या डासाला लागला तर मरतो, टाकीतल्या अळीला काहीही होत नाही, दुसऱ्या दिवशी नवे डास तयार. त्याहून महत्त्वाचं एक गणित आहे ते ऐका. परजीवीला डासात तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात. समजा रोज शंभरातल्या वीस माद्या मरतात, तर दहा दिवसांनी शंभरातल्या जेमतेम अकरा उरतात, आणि धोका फक्त त्या म्हाताऱ्या अकरांचा. रोज तीस मेल्या तर उरतात तीनच. म्हणजे डासाचं आयुष्य थोडंसं कमी केलं की प्रसार धाडकन खाली येतो, म्हणून गावांमध्ये भिंतींवर फवारणी आणि औषधाच्या मच्छरदाण्या एवढ्या कामाला येतात. पण मुंबईत तुम्ही तुमच्या फ्लॅटच्या रंगवलेल्या भिंतीवर फवारणी करू देणार का? नाही देणार, मीही विचार करेन. खिडक्यांना जाळ्या लावा, मच्छरदाणी लावा, नक्की लावा. पण शहरात जिथे आपण सगळे मिळून हात घालू शकतो अशी जागा एकच, डासाचा जन्म. रानातल्या डासाचे ओढे-नाले मोजता येत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या टाक्या मोजता येतात, वॉचमनलाही पाठ असतात.

बिल्डर मंडळींना वेगळं सांगायचंय. २०१० मध्ये मुंबईत मलेरियाच्या पंचाहत्तर हजारांहून जास्त केसेस झाल्या होत्या, ते वर्ष ज्यांनी हॉस्पिटलात काढलं त्यांना विचारा. स्लॅब टाकल्यावर क्युरिंगसाठी सिमेंटच्या पाळी घालून पाणी साठवता, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, बेसमेंटमध्ये पाणी, पिंप उघडे. आणि शेजारीच पत्र्याच्या खोल्यांत मजूर झोपलेले, जाळी नाही, मच्छरदाणी नाही. मग मीटिंगमध्ये बोललं जातं की मलेरिया हे बाहेरून आलेले मजूर आणतात. परजीवी कोणाच्याही अंगातून येऊ शकतो, तुमच्या फार्महाऊसवरून परतलेल्या मुलाच्याही. पण डास? डास तुमच्या स्लॅबवर जन्माला आला, तो त्या मजुराने गावाहून पिशवीत घालून नव्हता आणला. पणजीत १९८६ च्या सुमाराला बांधकामं वाढली तेव्हा असाच मलेरिया उसळला होता, हाच डास. गोव्याने मग बांधकाम मजुरांची रक्त तपासणी करून हेल्थ कार्ड द्यायची पद्धत आणली आणि पाण्यात जिवाणूचं अळीनाशक आणि तिथलेच स्थानिक मासे सोडून काम केलं. आपल्याकडे साईटवर रक्ततपासणी करायला पालिकेचा माणूस आला तर सुपरवायझर म्हणतो काम थांबतं, नंतर या. असं नका करू. क्युरिंगचं पाणी आठवड्यातून एक दिवस पूर्ण काढता येतं, ओल्या गोणपाटाने पण क्युरिंग होतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आणि गोळ्या. हा भाग कृपा करून नीट वाचा. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला तीन वर्षांपूर्वी व्हायवॅक्स झाला होता. क्लोरोक्वीनचे तीन दिवस झाले, ताप उतरला, पुढे प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यायची होती. चार दिवस घेतली. बरं वाटत होतं, डबल ड्यूटी होती, आणि गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं, खाऊन घे असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अडीच महिन्यांनी परत ताप. त्याला वाटलं परत डास चावला. असेलही, पण व्हायवॅक्स लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतो, आणि उठला की रक्तात परत ते नर-मादी प्रकार येतात जे डास उचलतो, तेही कधी कधी ताप चढायच्या आधीच. त्या रात्री तो गेटवर बसला होता आणि वर टाकी उघडी होती. पुढच्या दीड महिन्यात आमच्या दोन विंगमध्ये पाच जणांना मलेरिया झाला, त्यात माझे बाबा. ते बरे झाले पण आठ दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी काय-काय विचार केला ते मलाच माहीत. मी वॉचमनला दोष देत नाही. दोष देते तो मला, की मी त्याच बिल्डिंगमध्ये राहते आणि चौदा दिवसांचं मी त्याला एकदाही विचारलं नाही.

प्रायमाक्वीनच्या त्या चौदा दिवसांच्या गोळ्या म्हणजे आजच्या घडीला आपल्याकडची प्रसार तोडायची खरीखुरी गोळी आहे, लिव्हरमधला झोपलेला परजीवी तीच मारते. फाल्सिपॅरममध्ये तीच गोळी एका डोसात, रक्तातले डासाकडे जाणारे प्रकार मारायला देतात. ती सगळ्यांना चालत नाही, गरोदर बाईला देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असेल तर रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून डॉक्टरला विचारूनच, स्वतःच्या मनाने नाही. पण डॉक्टरने दिली असेल तर मधेच सोडायची नाही. सोसायटीने एवढं करावं की बिल्डिंगमध्ये कोणाला मलेरिया झाला, मग तो मेंबर असो, वॉचमन असो, भांडीवाली बाई असो, तर चौदा दिवस रोज कोणीतरी विचारावं गोळी घेतली का, आणि त्या दिवसांत त्याचा पगार कापू नये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकायला वेळ मिळतो, यालाही मिळेल.

पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं गच्चीवर येतात त्यांनाही नीट वागवा. कित्येक बिल्डिंगमध्ये टाकीवर चढायला शिडीच नसते, ती माणसं पाइपला धरून पावसात वर चढतात, आणि खाली वॉचमन त्यांना अर्धा तास उभं ठेवतो कारण सेक्रेटरी फोन उचलत नाहीत. शिडी बसवा, पक्की. झाकण बिजागरीचं, घट्ट बसणारं आणि कुलूप लागणारं, चावी खाली रजिस्टरला. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी, ती फाटली की बदला. वापरात नसलेली टाकी तळाला भोक पाडून कोरडी करा, नाहीतर काढून टाका. बागेतला हौद किंवा कारंजं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, वॉर्ड ऑफिसला विचारलं की मिळतात. आमच्या तीन टाक्यांचं काम काढून बघितलं तर खर्च मागच्या वर्षी नवरात्रीच्या लाइटिंगवर झाला त्याच्या निम्म्याहून कमी येतोय. लाइटिंग करू नका असं मी म्हणत नाहीये, मला आवडतं ते.

मी कमिटीला लेखी दिलंय आणि हे पत्रही त्यासोबत लावलंय. दर शनिवारी सकाळी आठ वाजता मी गच्चीवर असते, टॉर्च, पांढरी वाटी आणि लांब दांड्याचा डाव घेऊन. आजूबाजूच्या ज्या सोसायटीला अळी ओळखायला शिकायचंय त्यांनी दोन माणसं पाठवा, वॉचमनला पाठवलंत तर उत्तम, तासाभरात शिकवते. मुलं आली तरी चालतील, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. आमची तिसरी टाकी अजून तशीच आहे, तिच्यातल्याच अळ्या दाखवेन, आणि दाखवून झालं की सगळे मिळून ती तिथल्या तिथे रिकामी करू.

आपली,
बी विंगमधली एक सभासद